पंचफुलाबाईंचा आवाज, मायाचा चेहरा

धम्मानंद गजभियेने मायाला पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नाच्या कॅसेटमध्ये.

सन २००२. लग्नसराई आटोपली होती आणि धम्मानंद आपल्या खोलीत बसून उन्हाळ्यात केलेल्या शूटिंगची कापाकापी करत होता. तेव्हा नागपुरात लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हणजे नवरा-नवरी बदामाच्या आकारातून उगवणार, मग ती दोघं गुलाबाच्या पाकळीत जाऊन बसणार, आणि मागे सिनेमाचं गाणं. लोकांना तेच हवं असायचं आणि धम्मानंद तेच द्यायचा. त्या दिवशी त्याच्यासमोर इंदोऱ्यातल्या एका लग्नाची कॅसेट होती. संध्याकाळी मंडपात भीमगीतांचा कार्यक्रम झाला होता. गाणारा कोणी फार मोठा नव्हता, म्हणून धम्मानंदने कॅमेरा जरा वेळ प्रेक्षकांवर फिरवला होता. तिथे एका कोपऱ्यात, हातात पाण्याचा जग घेतलेली एक मुलगी उभी होती. तिचे ओठ हलत होते.

गाण्याबरोबर गुणगुणणारे लोक धम्मानंदने पुष्कळ पाहिले होते. पण या मुलीचे ओठ अक्षराला अक्षर लागून चालले होते. त्याने कॅसेट मागे घेतली, पुन्हा पाहिली. दुसऱ्या कडव्यात मंचावरचा गायक चुकला, एक शब्द गाळून पुढे गेला. मुलगी चुकली नाही. ती मूळ गाण्याबरोबर राहिली आणि गायक पुढच्या ओळीवर आल्यावर पुन्हा त्याला जाऊन मिळाली. मूळ गाणं धम्मानंदलाही पाठ होतं. उमरेडच्या पंचफुलाबाईंचं, कॅसेटवरचं.

चार दिवसांनी तो कॅसेट द्यायला इंदोऱ्यात गेला तेव्हा कळलं की ती नवरीची धाकटी बहीण. नाव माया. बारावी झालेली, शिवणकाम शिकत होती.

ही सगळी हकिकत मला मायानेच सांगितली. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, तिच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. माझ्या साड्यांना फॉल-पिको तीच करते. फॉल लावायला अर्धा तास लागतो आणि माया गप्प बसून काम करू शकत नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मला सगळं कळलं. काही धम्मानंदकडून कळलं. काही मी स्वतः पाहिलं.

मायाच्या आईला, कांताबाईंना, पंचफुलाबाईंच्या गाण्यांचं वेड होतं. १९९१ च्या सुमारास पंचफुलाबाईंची पहिली कॅसेट आली. तिच्या वेष्टनावर बाईंचा फोटोही नव्हता, निळ्या रंगावर नुसतं नाव. कांताबाई सकाळी स्वयंपाकाला बसल्या की टेप लावायच्या आणि भाकरी संपेपर्यंत कॅसेटच्या दोन्ही बाजू व्हायच्या. सात वर्षांची माया तिथेच आईजवळ बसून असायची. गाणी तिच्या अंगात मुरली. पण तोंड उघडून गायला लागली की घरचे हसायचे. तिला सूरच लागत नव्हता. पोरीने त्यावर उपाय काढला: आवाज न काढता गायचं. नुसते ओठ. टेप गायची आणि माया तिच्यासोबत तोंड हलवायची. श्वासही बाईंबरोबर घ्यायची.

धम्मानंदकडे तेव्हा एक काम आलं होतं. कमाल चौकात विश्वनाथ नावाच्या माणसाचं कॅसेटचं दुकान होतं. गाणी रेकॉर्ड करून विकायचा धंदाही तो करायचा. कॅसेटचा खप उतरला होता. घरोघरी सीडी प्लेयर आले होते आणि लोकांना आता गाणं टीव्हीवर दिसायला हवं होतं. विश्वनाथने ठरवलं, पंचफुलाबाईंची जुनी गाणी चांगल्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करून घ्यायची आणि त्यांच्यावर शूटिंग करून व्हीसीडी काढायची. आवाज बाईंचा. पडद्यावर कोण, हे ठरायचं होतं.

धम्मानंदने माया सुचवली. तिचे वडील नानाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. ते म्हणाले, पोरीला विचारा. माया म्हणाली, आईला विचारा. कांताबाईंनी एवढंच विचारलं की गाणी कोणाची आहेत. उत्तर ऐकल्यावर त्यांनी स्वतःची पांढरी साडी काढून मायाच्या मापाने ब्लाउज शिवायला घेतला.

पहिलं शूटिंग अंबाझरीच्या बगिच्यात झालं. कॅमेरा खांद्यावर धरलेला धम्मानंद, ऑटोरिक्षाच्या बॅटरीवर जोडलेला टेपरेकॉर्डर, उन्हाचा उजेड चेहऱ्यावर टाकायला थर्माकोलचा एक मोठा तुकडा, आणि बघ्यांची गर्दी. गाणं होतं शाळेत जाणाऱ्या मुलीचं. घरी आल्यावर मुलगी पाटी काढून बसते आणि तिच्या शेजारी बसून आई अक्षरं शिकते. धृपद होतं, ‘लेक लिहे पाटीवर, माय शिके वाचू’. बाईंनी ते स्वतः रचलेलं होतं.

अशा शूटिंगला येणाऱ्या इतर मुली एका कडव्याला दहा-दहा वेळा अडखळायच्या. मायाने पूर्ण गाणं एका दमात केलं. विश्वनाथ खूश झाला, पण म्हणाला, चेहऱ्यावर जरा हसू आण. मायाने सांगितलं की बाई इथे हसत नाहीत, इथे त्यांचा आवाज दाटतो. विश्वनाथ म्हणाला, बाईंना कोण पाहणार आहे. माया हसली नाही. दुसऱ्यांदा घ्यायला टेपची बॅटरी उरली नव्हती, म्हणून तसंच राहिलं.

व्हीसीडी २००३ च्या दसऱ्याच्या आधी आली. वेष्टनावर मायाचा मोठा फोटो, मागे तळं. पंचफुलाबाईंचं नाव मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, वादकांच्या नावांबरोबर.

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांची, मूर्तींची, कॅलेंडरांची दुकानं लागतात, तशी तेव्हा व्हीसीडीचीही लागायची. प्रत्येक दुकानात एक टीव्ही. माया आईबरोबर चालली होती आणि तिला पाच ठिकाणी स्वतःचा चेहरा दिसला. एका टीव्हीसमोर नरखेडकडच्या खेड्यातून आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यातल्या एकीने वळून मायाकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, आणि हात धरला. बरोबर तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. ती बाई म्हणाली की हे गाणं पूर्वी टेपवर ऐकून तिने मुलीचं नाव शाळेत घातलं आणि आता ती स्वतःही सही करते. मुलीसाठी एक ओळ म्हणून दाखवा, एवढीच तिची विनंती होती.

मायाने गळ्याला हात लावला. ती म्हणाली, “माय, माझा गळा बसला आहे.”

बाईने मायाच्या डोक्यावरून हात फिरवला. थुंकीत रक्त येईपर्यंत गाऊ नकोस, मधाचं पाणी घे, असं काहीबाही सांगितलं आणि निघून गेली. कांताबाई शेजारी होत्या. त्या घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत आणि घरी आल्यावरही बोलल्या नाहीत. माया सांगते, आईने रागावलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माया वर्षभर ठिकठिकाणी तेच सांगत राहिली, गळा बसला आहे. लोकांनी आग्रह केला की गळ्याला हात लावायचा. दुसरी व्हीसीडी झाली, तिसरी झाली. शहरातल्या केबलवर फर्माइशीचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात तिची गाणी रोज लागायची. बसमध्ये लोक ओळखायचे. एका गावाने तर तिचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, आणि माइक पुढे केला. माया माइकसमोर उभी राहिली आणि आभार मानून खाली उतरली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

शेवटी २००४ च्या हिवाळ्यात, कोणाला न सांगता, तिने उमरेडची एसटी पकडली. पिशवीत तिन्ही व्हीसीडी होत्या.

पंचफुलाबाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही. बाई तेव्हा पंचावन्नच्या असतील. अंगाने बारीक, कपाळावर जुनं गोंदण. नवरा लहानू कोळशाच्या खाणीत होता. घरात हातमागाचा खड्डा होता, त्यात पाय सोडून बाई लुगडं विणत होत्या. मायाने जयभीम केला आणि पाया पडली. बाईंनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कशा, त्यांनी व्हीसीडी पाहिलीच नव्हती. विश्वनाथने एकही पाठवली नव्हती आणि घरात प्लेयर नव्हता.

शेजारच्या घरी प्लेयर होता. तिथे जाऊन दोघींनी पाटीचं गाणं पाहिलं. बाई पडद्याकडे टक लावून होत्या. माया बाईंकडे. गाणं संपलं. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर विचारलं, “तू सोता गात नाई का वं?”

“नाई मावशी. मले सूर लागत नाई.”

“मंग एवढं बराबर कसं करतं? मी जिथं दम घेतो तिथंच तू घेऊन राहिली.”

मायाने सांगितलं, आईची टेप, भाकऱ्या, दोन्ही बाजू. आणि मग, ज्यासाठी ती आली होती तेही सांगितलं. नरखेडकडची बाई, गळा बसल्याची थाप, सत्काराची शाल. शाल तिने पिशवीत आणली होती. ती बाईंसमोर ठेवली.

बाईंनी शाल उचलली नाही. त्यांनी त्यांची बाजू सांगितली, तीही अगदी शांतपणे. रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी विश्वनाथला विचारलं होतं की शूटिंगला कधी यायचं. विश्वनाथने सांगितलं होतं की तुम्हाला कशाला त्रास. पुढे म्हणाला होता की लोक आता गाणं पाहतात, ऐकत कोणी नाही. बाईंना ते पटलं नव्हतं, पण त्या गप्प बसल्या होत्या. लहानूने भांडायला जाऊ का म्हटलं होतं, त्यांनीच अडवलं.

“तुह्यावर माझा राग नाई,” बाई म्हणाल्या. “पण कोणी इचारलं तं गळ्याचं सांगू नको. माझं नाव सांगत जा.”

शाल मायाने परत आणली नाही. बाईंनी ती शेवटी घेतली, पण मायाने दिली म्हणून. गावाने दिली म्हणून नाही.

त्या दिवसापासून माया नाव सांगायला लागली. बसमध्ये कोणी ओळखलं की सांगायची, आवाज उमरेडच्या पंचफुलाबाईंचा आहे. कोणी माना डोलवायचे, कोणाचा विरस व्हायचा. एका मुलाने तर तिच्या तोंडावर म्हटलं की म्हणजे तुम्ही फसवता. मायाने हो म्हटलं.

विश्वनाथकडे जाऊन तिने चौथ्या व्हीसीडीत बाईंनाही दाखवा अशी मागणी केली. विश्वनाथ हसला. तोवर व्हीसीडीचं रूपच पालटलं होतं. अंबाझरीचा बगिचा जुना झाला होता. धम्मानंद आता निळ्या कापडासमोर शूटिंग करायचा आणि संगणकावर मागे परदेशातला धबधबा टाकायचा. एका गाण्यात सहा साड्या, मागे आठ मुली नाचणाऱ्या, दर दोन सेकंदांना चित्र बदलणार. पाटीच्या गाण्याची ‘रिमिक्स’ काढायचं विश्वनाथच्या मनात आलं. त्यात मायाने पाटी डोक्यावर घेऊन नाचायचं होतं. मायाने नकार दिला. विश्वनाथने दुसरी मुलगी घेतली. ती व्हीसीडी चालली की नाही, हे कोणाला नीट आठवत नाही, कारण तोपर्यंत व्हीसीडीच चालेनाशा झाल्या होत्या. एकाच चकतीत दीडशे गाणी भरलेल्या नकली प्रती फुटपाथवर मिळू लागल्या, आणि लगेच त्यांच्यामागून मोबाइल आला.

मोबाइलच्या दुकानात जाऊन लोक चिप, म्हणजे मेमरी कार्ड, भरून घ्यायचे, हे अजून पुष्कळांना आठवत असेल. तेव्हाच्या फोनमध्ये व्हिडिओ मावायचा नाही, मावला तर चालायचा नाही. म्हणून लोक नुसती गाणी भरायचे. पाच-सहा वर्षं पंचफुलाबाईंची गाणी चेहऱ्याशिवाय खेड्यापाड्यांत फिरली. शेतात, ट्रॅक्टरवर, पाण्याच्या मोटारीपाशी. माया सांगते, तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं. २००९ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा प्रशिक मेश्राम वीज मंडळात लाइनमन, माणूस शांत. तिने फॉल-पिकोचं दुकान टाकलं. विश्वनाथने कॅसेटचं दुकान बंद करून तिथे मोबाइलची कव्हरं विकायला घेतली आणि काही वर्षांनी तो वारला. धम्मानंद लग्नांकडे परतला. पंचफुलाबाईंकडे माया वर्षातून एकदा, हिवाळ्यात, जात राहिली.

पुढचं मी स्वतः पाहिलं आहे. २०२२ चा पावसाळा होता. मी दुकानात बसले होते. दोन कॉलेजच्या मुली ब्लाउज न्यायला आल्या आणि मायाकडे पाहून आपसात कुजबुजल्या. मग एकीने फोन पुढे केला. फोनवर एक मुलगी पाटीच्या गाण्यावर ओठ हलवत होती. फक्त धृपद, पंधरा सेकंद. तसल्या शेकडो चित्रफिती होत्या. कोणी वसतिगृहाच्या गच्चीवर, कोणी शेताच्या बांधावर, कोणी दहावीचा निकाल हातात धरून. आणि सगळ्याजणी ‘वाचू’ या शब्दावर डोळे मिटत होत्या, जसे मायाने अंबाझरीत मिटले होते.

मुलींनी मूळ व्हिडिओही दाखवला. यूट्यूबवर कोणीतरी जुनी व्हीसीडी चढवली होती. चाळीस लाख लोकांनी ती पाहिली होती. वर लिहिलं होतं, ‘गायिका मायाताई, नागपूर’.

“काकू, काय आवाज आहे तुमचा,” एक मुलगी म्हणाली.

मायाने हातातली साडी बाजूला ठेवली आणि मुलींना सगळं सांगितलं. त्या गेल्यावर तिने माझ्यासमोर फोन घेतला आणि त्या व्हिडिओखाली लिहिलं, हा आवाज माझा नाही, उमरेडच्या पंचफुलाबाईंचा आहे, कृपया नाव बदलावं. दुसऱ्या दिवशी तिने मला उत्तरं वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं, ताई किती नम्र आहेत. त्याला दोनशे लोकांनी पसंती दिली होती. आणखी एकाने लिहिलं होतं, खरे कलावंत असेच असतात. मला हसू आलं. मायाला नाही आलं.

तिने मग रोज लिहायचा सपाटा लावला. काही उपयोग होईना. तेव्हा ती धम्मानंदकडे गेली. त्याचे केस पिकले होते, पण धंदा बरा होता; लग्नाच्या वरातीवर तो आता ड्रोन उडवायचा. माया म्हणाली, बाईंना गाताना दाखवायचं, म्हणजे लोकांना कळेल. धम्मानंद लगेच तयार झाला. त्यालाही ते जुनं खुपत असावं. वेष्टनावरचा फोटो त्यानेच काढला होता.

रविवारी ते दोघं उमरेडला गेले. मायाच्या आग्रहावरून मीही गेले. बाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. लहानू चार वर्षांपूर्वी गेला होता. माग बंद होता, खड्डा फळ्या टाकून झाकला होता. बाईंनी आधी साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, “आता काय दाखवता? आवाज गेला.”

धम्मानंदने उपाय सांगितला. आवाज जुनाच ठेवू, बाईंनी फक्त ओठ हलवायचे. मायाने शिकवावं. बाईंना त्याची मौज वाटली आणि त्या तयार झाल्या. अंगणात खुर्ची ठेवली, छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. पहिल्याच ओळीत बाई मागे राहिल्या. दुसऱ्यांदा पुढे गेल्या. माया कॅमेऱ्यामागे उभी राहून हाताने खुणा करत होती, श्वास घ्या, थांबा, आता. पाच-सहा वेळा झालं. बाई स्वतःच्याच आवाजाला गाठू शकत नव्हत्या. त्यांनी हे गाणं दोनदा एकसारखं कधी गायलंच नव्हतं, हे त्यांना स्वतःला त्या दिवशी कळलं.

बाई थांबल्या. मायाकडे वळून त्यांनी विचारलं, “हे तू दिवसभर करत होती? उन्हात?”

“हो मावशी.”

“लय मेहनतीचं काम हाय वं हे. मले वाटे, नुसतं तोंड हालवाचं.”

 मायाने पदराने तोंड पुसलं आणि ती स्पीकरकडे गेली. मला वाटतं, अठरा-एकोणीस वर्षं ती स्वतःच्या त्या कामाला फसवणूकच समजत होती, आणि कोणी त्याला काम म्हटल्याचं तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण हे माझं म्हणणं झालं. ती तसं कधी बोलली नाही.

“बंद करा गा ते,” बाई धम्मानंदला म्हणाल्या. “आहे तसं गातो.”

त्या गायल्या. आवाज खाली उतरला होता, वरच्या जागा त्यांनी सोडून दिल्या, एका ठिकाणी खोकला आला. पण मधल्या कडव्यात, जिथे आई पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचते, तिथे त्या इतक्या हळू झाल्या की शेजारच्या घरातली कुकरची शिटी आम्हाला मोठी वाटली. धम्मानंदने कॅमेरा तिवईवर लावला होता आणि त्याला हात लावला नाही. पाच मिनिटांत एकदाही चित्र बदललं नाही. त्याने ड्रोन गाडीतच ठेवला.

तो व्हिडिओ चढवला. महिन्याभरात तीन हजार लोकांनी पाहिला. चाळीस लाखांपुढे तीन हजार. मायाचा चेहरा उतरला. तिने मला विचारलं, लोकांना ऐकू येत नाही का? 

मग तिने दुसरा मार्ग धरला. जुना व्हिडिओ चढवणाऱ्याचा पत्ता काढला. धम्मानंदच्या ओळखीओळखीतून कळलं की तो नरखेडचा पियुष नावाचा माणूस, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मायाने फोन लावला. तिला वाटलं होतं भांडण होईल. पियुष आधी घाबरला, मग ओशाळला. व्हीसीडी त्याच्या आईची होती. आई वारल्यावर ती खराब होऊ नये म्हणून त्याने ती संगणकावर घेतली आणि यूट्यूबवर टाकली. वेष्टन फाटलेलं होतं, मागची बाजू नव्हती, समोर मायाचा फोटो होता. त्याला दुसरं नावच माहीत नव्हतं. मायाने एवढं लिहूनही कसं कळलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला की रोज हजार लोक काही ना काही लिहितात, मी वाचणं सोडलं आहे.

त्याच दिवशी त्याने नाव बदललं. ‘गायिका पंचफुलाबाई, उमरेड. पडद्यावर माया.’ खाली बाईंच्या नव्या व्हिडिओचा दुवा दिला. दुसरी ओळ काढून टाका, असं माया त्याला म्हणत होती. पियुष म्हणाला, ताई, ते नाही काढणार, माझी आई तुमचा चेहरा पाहायची.

मग मात्र नव्या व्हिडिओकडे लोक वळले. तुफान गर्दी झाली असं नाही, पण वळले. बाईंचे शेजारी त्यांना वाचून दाखवू लागले. सावनेरजवळच्या एका गावाने जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. बाई खुर्चीत बसून दोनच गाणी गायल्या. माया त्यांच्या पायांशी बसली होती. कार्यक्रम झाल्यावर बाया बाईंच्या पाया पडल्या, आणि मग मायाबरोबर फोटो काढले. दोन्ही गोष्टी झाल्या आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

परत येताना गाडीत बाईंनी सांगितलं की त्यांची निदान वीस गाणी कुठल्याच कॅसेटवर आली नाहीत. विश्वनाथला ती नको होती. फार संथ आहेत म्हणायचा. मायाला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, बाईंचं सगळं तिला पाठ आहे.

गेल्या दीड वर्षापासून माया रविवारी दुकान बंद ठेवते आणि सकाळच्या एसटीने उमरेडला जाते. धम्मानंदने तिला तिवई देऊन ठेवली आहे. ती स्वतःच्या फोनवर चित्रीकरण करते. बाई बाजेवर बसतात, खिडकी उजवीकडे येईल अशा. एका खेपेला एक गाणं. एखाद्या रविवारी एकही नाही, नुसत्या गप्पा. आतापर्यंत अकरा झाली आहेत. ती ऐकणारे लोक थोडे आहेत, पण पुन्हा पुन्हा ऐकतात असं माया सांगते. कोणी किती वेळ ऐकलं तेही हल्ली दिसतं म्हणे.

बारावं अडकलं आहे. गाणं विहिरीवरच्या रांगेचं आहे, त्याचं तिसरं कडवं बाईंना आठवत नाही. दोन रविवार त्यांनी प्रयत्न केला. चौथं आठवतं, तिसरं नाही. मायालाही ते सांगता येणार नाही, कारण हे कधी टेपवर नव्हतं. बाईंबरोबर कोरसला उभी राहणारी एक जण भिवापूरला असते, लेकीकडे. तिला आठवत असेल. तिचा फोन लागत नाही. येत्या रविवारी दोघी उमरेडहून पुढची एसटी धरून तिकडे जाणार आहेत, आणि बाईंना बसच्या पायऱ्या चढवायला कोणीतरी हवं म्हणून मलाही सकाळी सातला स्टँडवर बोलावलं आहे.